‘जपून’ म्हणजे नेमकं काय? सिकलसेलचा मुलगा, पेसमेकरवाल्या आजी आणि वॉटर पार्क

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १२ वर्षांचा, सिकलसेल, एसएस पॅटर्न (म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजार). आई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे, गुडघे गेलेले, दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय. बहिणीची मुलगी ९ वर्षांची, तिला ऑटिझम. सगळ्यांना घेऊन नागपूरहून हैदराबादच्या मोठ्या पार्कात जायचं आहे, जमलं तर पुढच्या वर्षी खोपोलीच्या इमॅजिकाला. तीन डॉक्टरांना विचारलं, तिघंही म्हणाले, ‘जा, पण जपून.’ आता जपून म्हणजे काय, हे तुम्ही मला विचारताय.

डॉक्टरांना दोष देऊ नका भाऊ. ओपीडीच्या गर्दीत एकेका पेशंटला चार मिनिटं मिळतात, त्यात घसरगुंडीच्या टॉवरला किती पायऱ्या आहेत हे कोण विचारणार? मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (आजार-अपंगत्वातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी; फिजिओथेरपिस्ट नाही, ही दुरुस्ती करता करता बावीस वर्षं गेली). या वर्षांत आमच्या मुलांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बऱ्याच सहली काढल्या. त्यात जे जे बिघडलं, ते राईडवर फार क्वचित बिघडलं. रांगेत बिघडलं, जिन्यावर बिघडलं, ओल्या कपड्यांत बिघडलं, परतीच्या बसच्या एसीत बिघडलं. सगळेजण राईडकडे बघत बसतात आणि दोन राईडच्या मधल्या वेळाकडे कोणाचं लक्ष नसतं. तुमच्या तिघांसाठीही मी त्या मधल्या वेळाबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी मुलाचं. विदर्भात सिकलसेल काही नवीन नाही, एएस (वाहक) आणि एसएस हे शब्द आपल्याकडे लग्न जुळवतानाही निघतात. तरी ‘याला जोराच्या पाळण्यात बसवू का?’ असं मला दहा पालक विचारतात आणि ‘पाण्यात किती वेळ ठेवू?’ असं एखादाच. उलटं व्हायला हवं.

एसएसच्या तांबड्या पेशीतला ऑक्सिजन निघून गेला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून त्याच्या लांब काड्या होतात. पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. शरीरात पाणी कमी पडलं की हे लवकर होतं. थंडीनं रक्तवाहिन्या आकसल्या की पेशी त्या अरुंद जागेत रेंगाळतात आणि पुन्हा तेच होतं. आता वॉटर पार्कचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ऊन, घाम, पळापळ, मग एकदम थंड पाणी. एकाच तिकिटात दुखण्याची चारही कारणं.

पाण्यात शरीराची उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगानं निघून जाते. पण मला जास्त धास्ती वाटते ती पाण्याबाहेर आल्यानंतरच्या पंधरा मिनिटांची. आपला कूलर कसा चालतो? कोरडी गरम हवा ओल्या ताटीतून जाते, पाणी उडतं आणि हवा गार होते. ओल्या अंगानं वाऱ्यात उभा असलेला पोरगा म्हणजे ती ताटीच. बाहेर ४० अंश तापमान असलं तरी त्याचे ओठ थरथरतात. आई म्हणते, ‘एवढ्या उन्हात याला थंडी कशी वाजते?’ हवा जितकी कोरडी, तितका तो जास्त गारठतो.

तेव्हा पाण्यात उतरण्याचा नियम असा ठेवा. उडी नाही. पायरीपायरीनं उतरायचं, आधी पाय, मग कंबर. कोपर बुडवून बघा. तुम्हालाच गार लागलं तर त्याच्यासाठी तो पूल बंद. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर, कोरडा टॉवेल, आणि कोरडे कपडे. नुसतं पुसून ओल्या कॉश्च्यूमवर टॉवेल गुंडाळून ठेवायचं नाही. कपड्यांचे तीन जोड न्या. रेन डान्स सरळ वगळा, कारण तिथं पाणी, वारा आणि नाचणं तिन्ही एकत्र येतं आणि पोरं तिथून लवकर हलत नाहीत.

पाणी पिण्याचं गणितही त्याचं वेगळं आहे. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. आपण पाणी कमी प्यायलो तर लघवी कमी होते, याची तशी होत नाही. तहान लागो न लागो, पाणी बाहेर जात राहतं. त्यामुळे ‘तहान लागली की सांग’ हा हिशोब चालत नाही, घड्याळ लावून पाजायचं: दर अर्ध्या तासाला चार-सहा घोट, मधून ताक किंवा लिंबूपाणी. आणि मग लघवीलाही वारंवार जावं लागणार. पार्कच्या नकाशावर आधी स्वच्छतागृहं शोधा, राईड नंतर. रांगेतून बाहेर पडावं लागू नये म्हणून मुलं मुद्दाम पाणी पीत नाहीत. हे मला एका मुलानंच दुखणं उतरल्यावर सांगितलं होतं.

आता टॉवर. मोठ्या घसरगुंड्यांना चार-चार मजल्यांच्या पायऱ्या असतात, वर ट्यूब उचलून न्यायची. हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या मुलासाठी खरा व्यायाम तो आहे, खाली घसरणं नाही. दोन फेऱ्यांत तो धापा टाकतो आणि मित्रांसमोर कबूल करत नाही. ट्यूब तुम्ही उचला. दोन टॉवरच्या मध्ये अर्धा तास सावलीत बसणं ठरवून ठेवा, ऐनवेळी पोरगा ऐकत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: त्याला रोलर कोस्टरमध्ये बसवू का? जाण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडून नक्की करून घ्या. एक, पाणथरी, म्हणजे प्लीहा. आफ्रिकेकडच्या सिकलसेलमध्ये ती लहानपणीच आक्रसून जाते. आपल्या भागातल्या प्रकारात ती मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहू शकते. वाढलेल्या पाणथरीवर लॅप बारचा (मांडीवर येणाऱ्या दांड्याचा) किंवा ट्यूबच्या कडेचा मार बसणं चांगलं नाही. पोट तपासून घ्यायला दोन मिनिटं लागतात. दुसरं, खुबा. जांघेत दुखतं का, लंगडतो का? खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा या आजारात बिघडतो. तसं असेल तर हिसक्याची एकही राईड नको. पाणथरी हाताला लागत नाही, खुबे ठीक आहेत, हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं औषध) नियमित चालू आहे, गेल्या काही आठवड्यांत दुखणं किंवा ताप नाही, तर मध्यम वेगाच्या एक-दोन राईड त्याच्या डॉक्टरांना विचारून मी त्याला करू देईन. इमॅजिकातल्या नायट्रो कोस्टरसारखं काही, जिथं पायाखाली फरशी नाही, वेग ताशी शंभराच्या पुढे आणि माणूस पाच वेळा उलटा होतो, ते या फेरीत नको. चिडेल. चिडू द्या.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा: सिकलसेल आहे, बर्फ लावू नका. पार्कच्या प्रथमोपचार खोलीत कुठंही दुखलं की हात पहिला बर्फाकडे किंवा गार स्प्रेकडे जातो. मुरगळलेल्या घोट्याला ते ठीक आहे, याला नाही. याला ऊब, पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. ताप १०१च्या वर, छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद कमी होणं, बोलणं अडखळणं, पोट डावीकडून एकदम फुगणं, किंवा लिंग ताठ राहून दुखत राहणं आणि न उतरणं, यातलं काहीही झालं तर तिकिटाचे पैसे विसरून सरळ हॉस्पिटल. शेवटचं लक्षण मुलं लाजेपायी लपवतात. आधीच, घरी, बाबांनी एकदा सांगून ठेवायचं. जाण्यापूर्वी पार्कपासून जवळचं मोठं हॉस्पिटल फोनमध्ये टाकून ठेवा.

तुम्ही नवरा-बायको बहुधा एएस असाल. वाहकांना पाळण्याचं वगैरे बंधन नाही, पण भर उन्हात पाणी न पिता दमछाक होईपर्यंत पळणं तुम्हालाही नको. बाप पोराच्या मागे धावताना स्वतःची बाटली विसरतो.

कधी जायचं? नवतपा (मे अखेरचे तापलेले नऊ दिवस) आणि त्याच्या मागचे-पुढचे दोन महिने नाही. डिसेंबर-जानेवारीही नाही, तेव्हा पाणी बोचतं. दिवाळीनंतरचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध, आणि मधला वार. हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर आहे. रात्रीच्या एसी स्लीपरनं जाऊ नका, तिथली हवा तुमच्या हातात नसते आणि मुलगा पहाटे गारठून उठतो. दिवसाची गाडी घ्या, अंगावर स्वेटर ठेवा, लोक हसले तरी.

आता आई. पेसमेकरबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलाय आणि त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे: जोराच्या राईड नाहीत. काही कोस्टर चुंबकीय मोटरनं झेपावतात, काही चुंबकीय ब्रेकनं थांबतात. वर खांद्याचा पट्टा नेमका कॉलरच्या हाडाखाली, जिथं पेसमेकरची डबी आहे, तिथं दाबतो. आणि भीतीनं हृदयाची गती काही सेकंदांत दीडशेपर्यंत जाते, ते वेगळंच. संथ आकाशपाळणा, छोटी आगगाडी, शो, हे सगळं खुशाल. दारावर हातातला मेटल डिटेक्टर फिरवतात तेव्हा पेसमेकरचं कार्ड दाखवायचं आणि छातीवर तो धरून ठेवू नका म्हणून सांगायचं, बस.

माझी काळजी त्यांच्या तळपायांची आहे. वॉटर पार्कमध्ये चपला काढायला लावतात आणि दुपारी सिमेंटची फरशी तव्यासारखी तापते. पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना बोथट झालेली असते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, नातवासोबत दिवसभर अनवाणी फिरले, काही जाणवलं नाही. रात्री मोजा काढताना तो चिकटलेला निघाला, तेव्हा फोड कळले. ती जखम भरायला अडीच महिने लागले. आईंना पाण्यात चालणाऱ्या, मागून पट्टा असलेल्या रबरी चपला घ्या, पार्कनं हरकत घेतली तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, आणि संध्याकाळी तळपाय तुम्ही स्वतः बघा. ‘काही नाही झालं रे’ यावर विश्वास ठेवू नका. त्यांना खरंच कळत नसतं.

शुगर अशा दिवशी चढण्यापेक्षा उतरण्याचा धोका जास्त. घरी दोन हजार पावलं चालणाऱ्या बाई त्या दिवशी दहा हजार चालतात, जेवण दीडचं अडीचवर जातं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या दिवसाच्या डोसबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. पर्समध्ये ग्लुकोज ठेवा. कँटीन लांब असतं. इन्सुलिन गाडीच्या डिक्कीत नको आणि बर्फाला चिकटूनही नको, गोठलं की वाया. वापरातलं पेन ३० अंशांच्या आत ठेवायचं. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीतल्या पिशवीत ठेवलं तर आपल्या माठाचंच तत्त्व कामाला येतं.

आणि व्हीलचेअर. ‘मी काय लंगडी झाली का?’ हे वाक्य मी इतक्या आज्यांकडून ऐकलंय! त्यांना सांगा, ही खुर्ची चालता येत नाही म्हणून नाही, संध्याकाळी चारलाही चालता यावं म्हणून आहे. बऱ्याच मोठ्या पार्कांत दाराशी मिळते, फोनवर राखून ठेवा. एका आजींनी दिवसभर नकार दिला आणि शेवटी त्या खुर्चीत सगळ्यांच्या पिशव्या ठेवून स्वतः ढकलत निघाल्या. तेही चालतं, वॉकरचं काम झालं.

भाचीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय: ‘ती तशी शांत आहे.’ घरी शांत असेल. पार्कात स्पीकर आहेत, शिट्ट्या आहेत, क्लोरीनचा वास आहे, अनोळखी माणसांचे ओले हात आहेत. त्यात काही गोष्टी इतक्या क्षुल्लक वाटतात की कोणी सांगत नाही. प्रवेशाचा कागदी पट्टा मनगटावर चिकटवतात. आमच्या एका मुलीनं तो सहन न होऊन हात चावून रक्त काढलं होतं. दाराशीच विचारा, पट्टा बॅगेला किंवा पायजम्यावरून घोट्याला बांधू का? बहुतेक जण हो म्हणतात. स्वच्छतागृहातलं हात सुकवायचं यंत्र, तो आवाज कित्येक मुलांना रोलर कोस्टरपेक्षा भयंकर वाटतो. आत जाण्याआधी कानावर इअरमफ, हात पुसायला स्वतःचा रुमाल.

रांग हा तिच्यासाठी सगळ्यात अवघड भाग, कारण रांगेचा शेवट दिसत नाही. जायच्या आठवडाभर आधीपासून फोटो दाखवा: हे दार, ही रांग, हा पाळणा, हे जेवण, ही गाडी, घर. तिथं गेल्यावर ‘आधी हे, मग ते’ अशी दोनच चित्रं हातात. रांग वीस मिनिटांपेक्षा मोठी दिसली तर एकानं उभं राहावं, ती दुसऱ्यासोबत बाहेर सावलीत थांबेल, नंबर जवळ आला की आणायचं. मागच्या लोकांना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी सांगितलं की भांडण होतं. परदेशात काही पार्कांमध्ये रांगेबाहेर थांबून ठरलेल्या वेळी येण्याची रीतसर सोय असते. आपल्याकडे ती फोनवर गोड बोलून मिळवावी लागते.

आणि पाणी. ऑटिझमच्या अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि ती न सांगता निघून जातात. पाच मोठी माणसं सोबत असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आमच्या सहलीत मी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावते आणि पाळी बदलताना तोंडानं म्हणायचं: ‘आता माझ्याकडे.’ समोरच्यानं ‘दिली’ म्हणायचं. हास्यास्पद वाटतं, पण करा. तिच्या कपड्याच्या आत फोन नंबर लिहून ठेवा, आणि सकाळीच आजच्या कपड्यांतला एक फोटो काढा. हरवलेल्या पोराचे कपडे घाबरलेल्या आईला आठवत नाहीत.

फिट येण्याचा इतिहास असेल (तुम्ही लिहिलं नाही, पण ऑटिझममध्ये तो अनेकदा असतो) तर झगमगत्या दिव्यांपेक्षा जास्त लक्ष झोप आणि चुकलेल्या गोळीकडे द्या. फिट येणाऱ्या शंभर रुग्णांत दिव्यांनी फिट येणारे सुमारे तीन. पाण्यात मात्र मग हाताच्या अंतरावर एक माणूस, सतत.

आता हक्काचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ला. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि सिकलसेलही आहे, हे अजून पुष्कळ घरांना माहीत नाही. भाचीचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर काढा, मुलासाठीही अर्ज करा. या कायद्यात करमणुकीच्या खासगी जागासुद्धा सार्वजनिक इमारतीत धरल्यात, म्हणजे रॅम्प, वापरता येईल असं स्वच्छतागृह, आत येऊ देणं ही मेहेरबानी नाही. एका पार्कात आमच्या व्हीलचेअरवरच्या मुलाला तिकीट घेतल्यावर सांगितलं गेलं की ‘गर्दीत खुर्ची नको, गेटजवळ बसा.’ मी लेखी मागितलं. लेखी देणार कोण? दहा मिनिटांनी मॅनेजर आला आणि खुर्ची आत गेली. ही युक्ती लक्षात ठेवा.

पण आत येऊ देणं वेगळं आणि प्रत्येक राईडवर बसवणं वेगळं. २०११मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एका पार्कात दोन्ही पाय गमावलेला माजी सैनिक कोस्टरमधून फेकला जाऊन मरण पावला. त्या कोस्टरचा बार मांड्यांवर टेकूनच माणसाला धरतो, बसणाऱ्याला दोन्ही पाय असायला हवेत असा नियमही होता, तरी त्याला बसू दिलं गेलं. तेव्हा ऑपरेटर ‘हा पट्टा यांना धरणार नाही’ म्हणत असेल तर वाद घालू नका. ‘अशा लोकांना नको’ म्हणत असेल तर घाला.

फोन करा, पण तिकीट विकणाऱ्या नंबरवर नाही. ऑपरेशन्स किंवा सेफ्टीवाल्यांना द्या म्हणा. मंगळवार-बुधवार दुपारी करा, शनिवारी कोणी नीट बोलत नाही. विचारायचं ते हे: कुठल्या राईडला जिना चढावा लागतो, पाण्याचं तापमान काय, डॉक्टर किती ते किती असतात आणि रुग्णवाहिका आवारात आहे का, बाहेरचं औषध-खाणं वैद्यकीय चिठ्ठीवर आत नेता येतं का, शांत बसायला एखादी खोली आहे का. ‘सगळं आहे मॅडम, या तुम्ही’ असं उत्तर आलं तर समजा काहीच नाही, आणि पुन्हा एकेक विचारा.

हैदराबादच्या आधी नागपुरात दोन तालमी घ्या. भाचीला रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात न्या. अंधार, घुमट, मोठा आवाज, मधे उठता येत नाही, आणि बिघडलं तर बाहेर गांधीसागर तलाव आहे. मुलाला आणि आईंना अमरावती रोडवरच्या बाजारगावच्या फन अँड फूड व्हिलेजला अर्धा दिवस, सकाळी उघडतं तेव्हा जाऊन जेवणाआधी परत. त्या अर्ध्या दिवसात मुलगा किती प्यायला, किती वेळा लघवीला गेला, आईंचे पाय कितीला दुखायला लागले, हे कागदावर लिहा. हैदराबादचं वेळापत्रक त्या कागदावरून बनवायचं, पार्कच्या माहितीपत्रकावरून नाही.

शेवटी मुक्काम. सिकलसेलचं दुखणं पुष्कळदा पार्कात येत नाही, रात्री दोनला येतं किंवा दुसऱ्या दिवशी. म्हणून त्याच संध्याकाळची परतीची गाडी काढू नका आणि दुसरा दिवस रिकामा ठेवा. पार्कातून चारला निघा, सगळे कुरकुरले तरी. हॉटेल बुक करताना फोटोतला स्विमिंग पूल बघू नका. खोलीत गीझर आहे का आणि तो रात्रीही चालू ठेवतात का, एवढं विचारून घ्या.